मध्यंतरात बदललेला क्वार्टरबॅक : अलाबामा विरुद्ध जॉर्जिया, ८ जानेवारी २०१८

अमेरिकेतल्या महाविद्यालयीन फुटबॉलच्या २०१७ च्या हंगामाचा अंतिम सामना ८ जानेवारी २०१८ रोजी अटलांटाच्या मर्सिडीज-बेंझ स्टेडियममध्ये झाला. मध्यंतराला अलाबामा विद्यापीठाचा संघ ०-१३ ने मागे होता. प्रशिक्षक निक सेबन यांनी दोन हंगाम संघाचा क्वार्टरबॅक असलेल्या जेलन हर्ट्सला बाहेर बसवलं आणि टुआ टागोवायलोआ या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला मैदानात उतरवलं. त्याने तोवर एकाही सामन्याची सुरुवात केलेली नव्हती. अलाबामाने तो सामना २६-२३ असा जिंकला.

ही गोष्ट बहुतेक वेळा इथेच संपवतात आणि सेबन यांच्या धाडसाला दाद देतात. मला ती दाद अपुरी वाटते. निर्णय बरोबर होता, पण तो जिंकल्यामुळे बरोबर ठरला असं म्हणणं चूक आहे. शिवाय ज्याला बसवलं त्याचं पुढे काय झालं, हा या प्रकरणाचा निम्मा भाग आहे. त्यावर फार कमी बोललं जातं.

## पार्श्वभूमी

खेळ ज्यांनी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. आक्रमण करणाऱ्या संघाला चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं असतं. तेवढं जमलं की नवे चार प्रयत्न मिळतात, नाही तर चेंडू समोरच्याकडे जातो. चेंडू घेऊन शेवटच्या पट्ट्यात पोचलं की टचडाउन, म्हणजे सहा गुण, आणि वर लाथेने एक मिळवता येतो. लांबून खांबांमध्ये चेंडू मारला की फील्ड गोलचे तीन. आक्रमणाच्या प्रत्येक चालीत चेंडू आधी क्वार्टरबॅककडे येतो. तो फेकायचा, दुसऱ्याच्या हातात द्यायचा की स्वतः घेऊन पळायचं, हे त्याच्यावर असतं. खेळाडू कितीही वेळा बदलता येतात, त्यामुळे नियमांची अडचण नव्हती. तरीही चांगल्या संघात सामन्याच्या मध्यावर, दुखापत नसताना, क्वार्टरबॅक सहसा कोणी बदलत नाही. सगळा संघ त्याच्या आवाजावर, त्याच्या लयीवर बसलेला असतो.

हर्ट्स टेक्सासचा. २०१६ मध्ये पहिल्याच वर्षी तो अलाबामाचा क्वार्टरबॅक झाला आणि संघाला अंतिम सामन्यापर्यंत घेऊन गेला. टॅम्पातल्या त्या सामन्यात दोन मिनिटं सात सेकंद उरले असताना त्याने स्वतः ३० यार्ड धावत जाऊन अलाबामाला आघाडी मिळवून दिली होती. एक सेकंद उरला असताना प्रतिस्पर्धी क्लेम्सन विद्यापीठाने टचडाउन केलं आणि सामना ३५-३१ असा अलाबामाच्या हातून गेला. पुढच्या वर्षी त्याने संपूर्ण हंगामात फक्त एक पास प्रतिस्पर्ध्याच्या हाती दिला. अटलांटात उतरला तेव्हा त्याने सुरुवात केलेल्या सामन्यांपैकी २५ जिंकलेले आणि २ हरलेले होते.

तरीही तक्रार होती आणि ती खोटी नव्हती. हर्ट्सचे पाय उत्तम, चेंडू जपण्याची सवय उत्तम, पण लांबवर आणि वेळेवर पास टाकण्यात तो कमी पडत होता. नोव्हेंबरमध्ये ऑबर्नने अलाबामाला २६-१४ असं हरवलं. त्या पराभवाने साउथईस्टर्न कॉन्फरन्सचा, म्हणजे अलाबामा ज्या प्रादेशिक गटात खेळते त्याचा, अंतिम सामनाही हुकला, आणि राष्ट्रीय स्पर्धेच्या चार संघांत अलाबामाला चौथी जागा मिळाली ती वादावादीनंतरच. नववर्षाच्या दिवशी उपांत्य सामन्यात त्यांनी क्लेम्सनला २४-६ असं हरवलं, पण तो विजय मुख्यतः बचावफळीचा होता.

टुआ हवाईचा, डावखुरा, अचूक हाताचा. हंगामात तो खेळला तो निकाल लागून गेलेल्या सामन्यांत. व्हँडरबिल्टविरुद्ध ५९-०, टेनेसीविरुद्ध ४५-७, अशा ठिकाणी. अलाबामाच्या सरावात काय चाललंय हे बाहेर फारसं दिसत नसे, पण संघातल्यांना या मुलाचा हात माहीत होता.

समोर जॉर्जिया. त्यांचे प्रशिक्षक कर्बी स्मार्ट अनेक वर्षं सेबन यांच्याच हाताखाली अलाबामाची बचावफळी सांभाळत होते. म्हणजे सेबन यांची पद्धत आतून माहीत असलेला माणूस पलीकडे उभा होता. २०१६ च्या हंगामापासून ते जॉर्जियात होते, आणि जॉर्जियाने १९८० नंतर राष्ट्रीय विजेतेपद पाहिलेलं नव्हतं. सामना जॉर्जिया राज्यातच होता.

## पेच

पहिल्या अर्ध्यात अलाबामाला एकही गुण मिळाला नाही. हर्ट्सने आठ पास टाकले, तीन पोचले, २१ यार्ड मिळाले. जॉर्जियाच्या रॉड्रिगो ब्लँकनशिपने दोन फील्ड गोल मारले, आणि मध्यंतराला सात सेकंद असताना मिकोल हार्डमनने टचडाउन केलं.

तेरा गुण म्हणजे डोंगर नव्हे, दोन टचडाउनचं अंतर. पेच गुणांपेक्षा खेळाच्या रीतीत होता. जॉर्जियाचे बचावपटू पुढे सरसावून धावेची वाट अडवत होते, कारण पासची भीती त्यांना वाटत नव्हती. हर्ट्सचं बलस्थान होतं चेंडू न गमावणं. बरोबरीत किंवा आघाडीवर असताना ते सोन्याच्या मोलाचं. मागे पडल्यावर मात्र त्याच सावधपणाने घड्याळ समोरच्याच्या बाजूने पळतं. ऑबर्नविरुद्धही मागे पडल्यावर संघ पासवर परत येऊ शकला नव्हता. सेबन यांच्यापुढचा खरा प्रश्न असा होता : आता आपल्याला ज्या प्रकारचा खेळ खेळावा लागणार आहे, तो खेळ कोणाचा आहे?

## समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय : हर्ट्सला ठेवायचं, आणि चाली बदलायच्या. आखूड पास, क्वार्टरबॅकच्या जास्त धावा. सगळ्यांत सुरक्षित, आणि हरले असते तरी कोणी नाव ठेवलं नसतं. २५ विजयांच्या माणसावर विश्वास ठेवला, एवढंच म्हणाले असते. हा पर्याय वाईट नव्हता. पण पहिल्या अर्ध्यात जे जमत नव्हतं तेच थोडं वेगळ्या क्रमाने करणं, याहून त्यात फारसं काही नव्हतं.

दुसरा : दोघांना आलटून पालटून खेळवणं. कागदावर हा मधला मार्ग दिसतो. प्रत्यक्षात दोघांनाही लय मिळत नाही, आणि पहिली चूक झाली की आपण बाहेर, ही धास्ती दोघांच्याही मानेवर बसते. त्या रात्री तर टुआची पहिली चूक नक्की होणार होती.

तिसरा : पूर्ण बदल. धोका उघड होता. अनुभव नाही, सत्तर हजारांहून जास्त लोकांचा आवाज, आणि चेंडू गमावण्याची शक्यता मोठी. पण फायदेही मोजण्यासारखे होते. जॉर्जियाची सगळी तयारी हर्ट्सच्या खेळावर झालेली. टुआच्या खेळाची जी चित्रफीत होती ती हलक्या प्रतिस्पर्ध्यांविरुद्धची, सामना संपत आलेला असतानाची. दुसरं म्हणजे अलाबामाकडे पास झेलणारे उत्तम होते आणि ते जवळजवळ रिकामे बसले होते. कॅल्विन रिडली होताच, शिवाय हेन्री रग्ज, जेरी जूडी आणि डेव्होंटा स्मिथ हे तिघे पहिल्या वर्षाचे. ही मुलं दुसऱ्या फळीच्या सरावात टुआबरोबरच घडलेली. त्यांचं आपसातलं टायमिंग नवं नव्हतं.

शेवटचा मुद्दा मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. टुआला उतरवणं म्हणजे एका अनोळखी मुलावर पैज लावणं, असं बाहेरून दिसलं. आतून ती एका सरावलेल्या गटाला सोबत आणण्याची गोष्ट होती. सामन्यानंतर सेबन यांनी सांगितलं की आक्रमण अडलं तर टुआला संधी द्यायचा विचार आधीपासून मनात होता, आणि पास चांगले टाकण्याची गरज होती. म्हणजे मध्यंतरात सुचलेली ही कल्पना नव्हे. ती काही महिने तयार ठेवलेली होती. मोठ्या विजयांच्या सामन्यांत टुआला मैदानावर पाठवलं गेलं, त्याचा उपयोग इथे झाला.

## काय केलं, काय घडलं

दुसऱ्या अर्ध्याची सुरुवात काही जादूची नव्हती. टुआच्या पहिल्या वेळी संघ पुढे सरकलाच नाही. तिसऱ्या सत्रात अलाबामाची एक किक जॉर्जियाने अडवली होती. पंचांनी जॉर्जियाचा खेळाडू रेषेच्या पुढे असल्याचं सांगून ती चाल रद्द केली. पुन्हा दाखवलेल्या चित्रणात तो रेषेच्या आतच दिसत होता. पंचांनी चुकीसाठी टाकलेला तो एक झेंडा नसता तर सामना कुठे गेला असता हे सांगता येत नाही.

मग टुआने बचावपटूंच्या गराड्यातून निसटून एक महत्त्वाचा प्रयत्न वाचवला, आणि रग्जला सहा यार्डांचा टचडाउन पास दिला. १३-७. जॉर्जियाने लगेच उत्तर दिलं : त्यांचा क्वार्टरबॅक जेक फ्रॉमचा पास, हार्डमनची ८० यार्डांची दौड, २०-७. त्यानंतर टुआची चूक झाली, आणि ती अननुभवाची खरी किंमत होती. आघाडीची फळी धावेच्या चालीसाठी अडवणूक करत होती आणि त्याने पास टाकला. जॉर्जियाने तो पकडला. इथेच सेबन यांचा दुसरा निर्णय दडलेला आहे, ज्याकडे कोणी पाहत नाही : त्यांनी टुआला बाहेर काढलं नाही. हर्ट्स बाजूला तयार उभा होता. पहिल्या मोठ्या चुकीवर परत फिरले असते तर मध्यंतराचा निर्णय अर्धवटच राहिला असता, आणि दोन्ही मुलांचा धीर सुटला असता.

नशिबाचीही साथ होती. पुढच्याच चालीत फ्रॉमचा पास एका खेळाडूला आपटून उडाला आणि अलाबामाच्या रेकवॉन डेव्हिसने तो पकडला. त्यातून फील्ड गोल मिळाला. नंतर आणखी एक. मग शेवटच्या सत्रात, तीन मिनिटं ४९ सेकंद उरले असताना, चौथ्या प्रयत्नावर, टुआने रिडलीला सात यार्डांचा पास दिला आणि २०-२० अशी बरोबरी झाली. वेळ संपताना अलाबामाला ३६ यार्डांवरून सामना जिंकायची संधी होती. लाथ डावीकडे गेली.

जादा वेळेत जॉर्जियाने आधी ५१ यार्डांचा फील्ड गोल मारला. अलाबामाच्या पहिल्याच चालीत टुआ पकडला गेला, १६ यार्ड मागे. फील्ड गोलही आता जवळजवळ हाताबाहेर गेला होता. दुसरा प्रयत्न, २६ यार्ड हवेत. टुआने नजरेने मधल्या बचावपटूला अडवून धरलं आणि डाव्या कडेला पळणाऱ्या डेव्होंटा स्मिथकडे ४१ यार्डांचा पास सोडला. सामना संपला. टुआचे आकडे : २४ पैकी १४ पास, १६६ यार्ड, तीन टचडाउन, एक चूक. त्याच रात्री डाव्या बाजूचा रक्षक जोना विल्यम्स जखमी झाल्यावर त्याच्या जागी अलेक्स लेदरवुड हा पहिल्या वर्षाचा मुलगा खेळला. नाजी हॅरिसने फक्त सहा धावांत ६४ यार्ड काढले, तोही पहिल्या वर्षाचा. टुआ डावखुरा असल्यामुळे पाठीमागची न दिसणारी बाजू उजवीकडची होती. विल्यम्स गेल्याचा धक्का त्यामुळे थोडा हलका झाला असावा, असं माझं मत आहे.

हा सेबन यांचा सहावा राष्ट्रीय किताब. अलाबामाचे दिवंगत प्रशिक्षक बेअर ब्रायंट यांच्याशी त्यांनी बरोबरी केली.

## निर्णय चांगला की निकाल चांगला

ती लाथ खांबांतून गेली असती तर जादा वेळेचा थरार झालाच नसता आणि निर्णय आज जास्त थंडपणे पाहिला गेला असता. जॉर्जियाने किक अडवली ती चाल मान्य झाली असती तर कदाचित अलाबामा हरली असती, आणि सेबन यांनी घाबरून पोराला आगीत ढकललं असं लिहिलं गेलं असतं. दोन्ही वेळा मध्यंतरातली माहिती तीच असती : २१ यार्ड पास, धाव अडलेली, पास झेलणारे रिकामे, आणि बाकावर महिनोनमहिने तयार झालेला नेमक्या गुणाचा खेळाडू. त्या माहितीवर बदल करणंच शहाणपणाचं होतं.

## बसवलेल्या खेळाडूचे अकरा महिने

दुसऱ्या अर्ध्यात हर्ट्स बाजूला उभा राहून टुआला धीर देत होता. सामन्यानंतरही त्याने कडवट शब्द काढला नाही. त्याचं सगळीकडे कौतुक झालं, आणि मला वाटतं त्या कौतुकानेच संस्थेची एक जबाबदारी झाकून टाकली.

पुढचे महिने प्रश्न तसाच लोंबकळत राहिला. जुलैमध्ये पत्रकारांनी विचारलं की पहिल्या सामन्याला हर्ट्स संघात असेल का, तेव्हा सेबन म्हणाले की आपल्याला कल्पना नाही, पण असेल अशी अपेक्षा आहे. ऑगस्टमध्ये हर्ट्सने जाहीरपणे सांगितलं की संपूर्ण काळात प्रशिक्षकांपैकी कोणीही आपल्याला कसं वाटतंय हे विचारलं नाही. वीस वर्षांच्या मुलाचं हे वाक्य साधं आहे आणि जड आहे. सप्टेंबरच्या पहिल्या सामन्यानंतर दूरदर्शनच्या वार्ताहराने क्वार्टरबॅकबद्दल विचारलं तर सेबन तिच्यावर भडकले, नंतर त्यांनी माफी मागितली. न बोललेली गोष्ट अशीच कुठेतरी बाहेर येते.

त्याच वर्षी नियम बदलला होता : हंगामात चार सामन्यांपर्यंत खेळलं तरी ते वर्ष खेळण्याच्या हक्कातून वजा होणार नव्हतं. क्लेम्सनचा क्वार्टरबॅक केली ब्रायंट याची जागा ट्रेव्हर लॉरेन्सला मिळाली आणि चार सामन्यांनंतर ब्रायंट संघ सोडून गेला. ती त्याची हक्काची आणि समजण्यासारखी निवड होती. हर्ट्सने पाचवा सामना खेळला. म्हणजे अलाबामातलं आणखी एक वर्ष खर्ची घातलं, तेही राखीव म्हणून.

१ डिसेंबर २०१८ ला, त्याच स्टेडियममध्ये, त्याच जॉर्जियाविरुद्ध, कॉन्फरन्सच्या अंतिम सामन्यात अलाबामा २१-२८ ने मागे असताना टुआचा घोटा दुखावला. हर्ट्स आला. त्याने जूडीला टचडाउन पास देऊन बरोबरी साधली. मग जॉर्जियाने मैदानाच्या मध्यावर, अकरा यार्ड हवे असताना, किक मारल्याचं नाटक करून धाव घ्यायची चाल खेळली आणि ती फसली. हर्ट्सने एक मिनिट चार सेकंद उरले असताना स्वतः १५ यार्ड धावत टचडाउन केलं. ३५-२८. तोपर्यंत त्याचे पास जास्त नेमके झाले होते. वर्षभर त्याने बाकावर बसून काम केलं होतं, हे दिसत होतं.

त्याच महिन्यात तो तीन वर्षांत पदवीधर झाला. पदवीधर असल्यामुळे एक वर्ष न थांबता दुसरीकडे खेळता येणार होतं. तो ओक्लाहोमा विद्यापीठात गेला आणि महाविद्यालयीन फुटबॉलमधल्या सर्वोत्तम खेळाडूला मिळणाऱ्या हाइस्मन पुरस्कारात २०१९ साली दुसरा आला. फिलाडेल्फिया ईगल्स या व्यावसायिक संघाने त्याला २०२० मध्ये घेतलं. फेब्रुवारी २०२५ मध्ये ईगल्सने कॅन्सस सिटीला ४०-२२ असं हरवलं तेव्हा सुपर बोलचा, म्हणजे व्यावसायिक लीगच्या त्या अंतिम सामन्याचा, सर्वोत्तम खेळाडू हर्ट्स होता, आणि त्याच्या एका ४६ यार्डांच्या टचडाउन पासचा मानकरी डेव्होंटा स्मिथ.

## वेगळं काय करता आलं असतं

मध्यंतरात घेतलेल्या निर्णयात मी फारसं बदलणार नाही. एक गोष्ट मात्र आधी व्हायला हवी होती : ऑबर्नच्या पराभवानंतर टुआला चुरशीच्या सामन्यात, दडपणाखाली, काही चाली देणं. त्याची ती फसलेली चाल कदाचित डिसेंबरमध्येच होऊन गेली असती.

खरा बदल सामन्यानंतरच्या आठवड्यांत हवा होता. हर्ट्सला बोलावून तीन गोष्टी स्पष्ट सांगता आल्या असत्या. पुढच्या हंगामात जागा कोणाची असेल याची आजची शक्यता काय. त्याने राहायचं ठरवलं तर त्याच्या पासिंगवर कोण आणि किती काम करेल. आणि जायचं ठरवलं तर पदवी वेळेत पूर्ण व्हावी यासाठी संस्था काय करेल. शेवटी त्याने या तिन्ही गोष्टी स्वतःच्या चिकाटीने मिळवल्या. स्पर्धा खुली आहे असं म्हणत राहिल्याने दोघांनाही सराव जोमाने करावा लागला, हे मान्य. पण त्यासाठी एका मुलाला महिनोनमहिने कोणी न विचारता ठेवायची गरज नव्हती.

हर्ट्सचं पुढे सोनं झालं म्हणून ही त्रुटी भरून निघत नाही. जो मुलगा केली ब्रायंटसारखा निघून गेला असता, किंवा राहूनही मागेच पडला असता, त्यालाही ते बोलणं संस्था तितकंच देणं लागत होती. आणि निव्वळ संघाच्या हिशोबाने पाहिलं तरी : हर्ट्स सप्टेंबरमध्ये गेला असता तर १ डिसेंबरला घोटा दुखावलेल्या टुआच्या जागी कोण उतरलं असतं, याचं उत्तर अलाबामाकडे तयार नव्हतं. जानेवारीतला निर्णय यशस्वी झाला कारण बाकावर तयारी होती. डिसेंबरमध्ये ती तयारी टिकली ती हर्ट्सच्या स्वभावावर, संस्थेने आखलेल्या कुठल्या योजनेवर नव्हे.